मागे कोणी नाही

"हे काय आणलंय, नागोराव? सायकल आहे की सायकलीचं सोंग?"

दिवेकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून दांडीवरच्या त्या काळ्या डब्याकडे पाहिलं. कात्रजच्या जुन्या घाटाच्या तोंडाशी, चहाच्या टपरीपुढे, रविवारी सकाळी साडेसहाला बावीस सायकली उभ्या होत्या. त्यातल्या एकवीस नुसत्या सायकली होत्या. बाविसाव्या सायकलीला बॅटरी होती आणि ती नेमकी नागोरावांची होती.

"सायकलच हाय सर," नागोराव म्हणाले. "चढाला थोडा हातभार लावते, एवढंच."

"मग एसटीनंच यायचं. ती उतारालाही हातभार लावते."

सगळे हसले. नागोरावही हसले, पण कान तापले त्यांचे. चौसष्ट वर्षांचा माणूस, गेल्या श्रावणात हृदयात स्प्रिंग बसवून घेतलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाला हवं तेवढं, सायकलही चालवा, पण चढावर छाती फुटेस्तोवर जोर लावायचा नाही. झालं! दोन महिने नागोराव वाघोलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून रस्ता बघत राहिले. शेवटी मुलीला, ऋतिकाला, ते बघवेना. तिनं ही बॅटरीवाली सायकल दारात आणून उभी केली आणि म्हणाली, "पप्पा, आता घरात बसून माझं डोकं खाऊ नका."

पहाटफेरी मंडळाचे पाच नियम होते. दिवेकर सर गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतले होते आणि तो कागद त्यांच्या हँडलच्या पिशवीत कायम असायचा. पहिला नियम, प्रत्येकानं स्वतःच्या पायावर यावं. पाचवा नियम, शेपूट पोचल्याशिवाय चहा नाही.

हे शेपूट म्हणजे नागोराव. गेली चौदा वर्षं तेच. मंडळाच्या लांबच्या फेरीत सगळ्यांत मागे राहायचं, कुणाची चेन उतरली, कुणाच्या पोटात कळ आली, कुणाचा धीर सुटला, की त्याच्याजवळ थांबायचं. पिवळंजर्द जाकीट घालून सगळ्यांच्या शेवटी मुक्कामी पोचायचं आणि दिवेकर सरांपुढे उभं राहून तीन शब्द बोलायचे. "मागे कोणी नाही." हे तीन शब्द कानावर पडेपर्यंत टपरीवरचं पातेलं खाली उतरत नसे. दोन वर्षांपूर्वी एका फेरीत मंडळी पावणेदोन तास बिनचहाची बसली होती. पुण्यातली माणसं चहावाचून पावणेदोन तास! यावरून काय ते समजा.

आणि या तीन शब्दांपलीकडे नागोराव मंडळात कधी काही बोललेच नव्हते. त्यांना त्याची गरजही पडली नव्हती. त्या तीन शब्दांवर त्यांचा जीव होता. आता ते राहतात की जातात, हाच प्रश्न त्या टपरीपुढे उभा होता.

"सर, मी बॅटरीच्या अगेन्स्ट आहे, काकांच्या नाही," प्रज्ञेश म्हणाला. तो आयटीतला, मंडळातला सगळ्यांत वेगवान. "प्रॉब्लेम काय होतो, चढाला बॅटरीवाला सुसाट पुढे जातो. सपाटीला पंचवीसच्या वर मोटर बंद पडते, मग तो जड सायकल घेऊन मागे राहतो. ग्रुप तुटतो ना. पुढच्याच्या मागे चिकटून जायची मजाच जाते."

"आणि चढ म्हणजे चढ असतो," दिवेकर सर म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. "पसरणीचा घाट मी पहिल्यांदा चढलो तेव्हा वर पोचून रडलो होतो. ते रडू विकत घेता येत नाही. नियम त्यासाठी आहे."

नागोरावांना ते मनापासून पटलं. खरं तर त्यांनाच सगळ्यांत जास्त पटलं. ते सायकलीची मूठ पुसत खाली बघत राहिले.

"तरीपण," सर म्हणाले, "शेपटीला पुढे पळायचंच नसतं. तेव्हा नागोरावांपुरता अपवाद. फक्त नागोरावांपुरता. कोणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. टाळ्या पडल्या. प्रज्ञेशनं त्यांच्या पाठीवर थाप मारली, कुणीतरी क्रीमरोल आणून हातात दिला. नागोरावांचं काम झालं होतं. महिन्याभरानं पुणे ते पाचगणी ही वर्षाची मोठी फेरी, शंभर किलोमीटर, आणि शेपटीला तेच.

मग चहा घशाखाली का उतरेना? कारण तीन वर्षांपूर्वी याच टपरीपुढे हाच प्रश्न आला होता. तेव्हा समोर उभे होते पोपटराव.

*

पोपटराव कसबा पेठेतले तांबट. नागोराव पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते, म्हणजे रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखालची चावी फिरवून गल्लीला पाणी सोडणारे. एकतीस वर्षं त्यांच्याकडे कसब्यातल्याच गल्ल्या होत्या. पहाटे पाचला पाणी सोडलं की बाकीचे चावीवाले चहाला जात. नागोराव मात्र गल्लीच्या टोकापर्यंत चालत जात, कारण त्यांच्या मते चावी फिरवली म्हणजे काम झालं असं नाही, शेवटच्या नळाला पाणी आलं म्हणजे झालं. तो शेवटचा नळ पोपटरावांचा. नागोराव बाहेरून विचारायचे, "आलं का?" आणि आतून हातोडीच्या ठोक्यासरशी उत्तर यायचं, "आलं!" मग नागोराव वळायचे.

अशी ओळख, आणि ओळखीतून दोस्ती. पहाटफेरी मंडळात नागोरावांना हाताला धरून नेलं तेही पोपटरावांनीच.

पुढे तांब्याची भांडी पायाच्या पकडीत धरून मठारकाम, म्हणजे ठोकून घडवायचं काम, करता करता पोपटरावांचे गुडघे गेले. चालता येई, पण चढावर पायडल दाबवेना. त्यांनी जुन्या सायकलीला मोटर बसवून घेतली आणि मंडळाला विचारलं, "चालेल का?" दिवेकर सरांनी हात वर करायला सांगितले. चालणार नाही म्हणणारे हात पुष्कळ निघाले. त्यात एक हात नागोरावांचा होता.

पोपटराव "बरं" म्हणाले आणि पुढच्या रविवारपासून आले नाहीत. नागोरावही तोवर निवृत्त झाले होते. कसब्यात जायचं कारण उरलं नव्हतं. निदान ते स्वतःला तसं सांगत.

*

सोमवारी सकाळी नागोराव कसब्यात गेले. गल्ली तीच, ठोक्यांचा आवाज तोच. दारात उभं राहिल्यावर सवयीनं त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "आलं का?"

आतले ठोके थांबले.

"पाणी पाचलाच येऊन गेलं," आतून पोपटराव म्हणाले. "तुम्हाला तीन वर्षं उशीर झालाय."

पोपटरावांच्या बायकोनं, चंपाबाईंनी, पाट टाकला. नागोराव बसले. कोपऱ्यात ती मोटर लावलेली सायकल उभी होती. तिच्या दोन्ही मुठींना पिशव्या लटकत होत्या, दांडीवर टॉवेल वाळत होता.

"मला बॅटरीची परवानगी मिळाली," नागोरावांनी एका दमात सांगून टाकलं. "माझ्यापुरती."

"अभिनंदन."

"पोपटराव, त्या दिवशी माझापण हात वर होता."

"ठाऊक आहे."

"ठाऊक हाय?"

"अहो, मी हातच मोजत होतो ना. तुमचा सगळ्यांत आधी वर गेला. छत्री उघडावी तसा." पोपटरावांनी हातातलं पातेलं फिरवून उजेडात धरलं. "मी म्हटलं, असेल काही कारण. नागोराव उगाच हात वर करणारा माणूस नाही."

कारण होतं. नागोरावांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायको होती तेव्हा तिलाही नाही.

"मला भीती वाटली," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या सगळ्यांनीच बॅटऱ्या लावल्या तर मागं कोण राहणार? आन मागं कोणी राहिलंच नाही, तर माझं काय काम? आयुष्यभर कोणी आपल्यासाठी चहा न पिता थांबलं नव्हतं हो. तिथं थांबत होते."

पोपटरावांनी हातोडी खाली ठेवली. चंपाबाई आत गेल्या. रागावले असते तर नागोरावांना बरं वाटलं असतं. पण पोपटरावांना राग आला की ते आवाज चढवत नसत, उलट खाली आणत.

"एकतीस वर्षं," ते हळू म्हणाले, "माझ्या नळाला करंगळीएवढी धार आलेली बघितल्याशिवाय तुम्ही कधी घरी गेला नाहीत. सायकलीवर मात्र मला टाकून पुढे गेलात."

नागोरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"चुकलंच," पोपटराव म्हणाले, आणि पुन्हा एक ठोका मारला. "चहा घेणार?"

"चहा नंतर. आधी या पिशव्या काढा. चालते का बघू ही."

आतून चंपाबाई ओरडल्या, "पिशव्या काढा, पण टॉवेल ओला आहे माझा!"

*

पुढच्या रविवारी कात्रजला नागोराव बोलायला उभे राहिले. मंडळी चपापली. प्रज्ञेशनं तर कानातलं यंत्रच काढून ठेवलं.

"मला अपवाद नको," नागोराव म्हणाले. "करायचा तर नियम करा. पोपटरावांनाही घ्या. नाहीतर मी पण येत नाही."

"धमकी का ही?" दिवेकर सर.

"न्हाई सर. धमकी कसली. पण मला ते तीन शब्द आता खोटे बोलता यायचे नाहीत. तीन वर्षं मी तुमच्यापुढं उभा राहून सांगतोय, मागे कोणी नाही. मागं पोपटराव होते."

दिवेकर सर वाईट माणूस नव्हते. तिरकस होते, पण ते पुण्यात कुणी मनावर घेत नाही. त्यांनी पिशवीतून नियमांचा कागद काढला, त्याच्याकडे बघितलं, प्लास्टिकवर लिहिता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी टपरीवाल्याकडून मार्कर मागून घेतला.

"सहावा नियम," ते लिहिता लिहिता म्हणाले. "बॅटरीवाल्यानं चढावर पायवाल्याला मागे टाकू नये. मागे राहायचं. कितीही हळू असला तरी. मान्य?"

"हे एकदम फेअर आहे सर," प्रज्ञेश म्हणाला.

"मी तुझं मत विचारलेलं नाही. नागोराव?"

"मान्य," नागोराव म्हणाले. चढावर मागे राहायचं, एवढंच तर ते चौदा वर्षं करत आले होते.

*

डिसेंबरातला दुसरा रविवार. पहाटे पाचला मंडळी निघाली. सगळ्यांच्या मागे पिवळं जाकीट घालून नागोराव, आणि त्यांच्या शेजारी पोपटराव. नवं हेल्मेट, गळ्यात चंपाबाईंचा मफलर.

शिरवळच्या पुढे ऊन वर आलं आणि पोपटरावांच्या अंगात वारं भरलं. तीन वर्षांनी मोकळा रस्ता, दोन्हीकडे ज्वारी, पायडलवर नुसता पाय ठेवला की सायकल पळतेय. सपाटीला कुणी मागे राहायला सांगितलं नव्हतं. ते मोटर पूर्ण लावून पुढे जात, नुसतेच हसत, पुन्हा मागे येत, पुन्हा पुढे जात.

"जपून, पोपटराव! बॅटरी घाटाला ठेवा!"

"अहो, हिरवा दिवा आहे! रात्रभर लावली होती!"

खंबाटकी बिनबोभाट पार पडली. सुरूरच्या फाट्याला केळी, वाईला मिसळ. पसरणीच्या घाटाखाली पोचले तेव्हाही तो दिवा हिरवाच होता. आता तीन वर्षं पिशव्या वाहिलेल्या बॅटरीचा हिरवा दिवा किती खरा मानायचा, हे त्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. अर्धा घाट चढल्यावर दिवा एकदम तांबडा झाला, आणि पुढच्या वळणाच्या आत विझला.

पोपटराव उतरले. सायकल एवढी जड की ढकलायची सोय नाही. गुडघे असे की पायडल मारायची सोय नाही. मागून मंडळाचा टेम्पो आला. साईनाथ, टेम्पोवाला, खाली उतरला.

"काका, सायकल टाकू मागं आन तुम्ही बसा पुढं. धा मिनिटांत वर."

पोपटरावांनी मफलर सोडून तोंड पुसलं आणि टेम्पोच्या दाराला हात घातला. सकाळचं सगळं हसू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं होतं. नागोरावांना ते बघवलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "साईनाथ, फक्त सायकल घाल टेम्पोत. माणूस नको."

"म्हणजे?" पोपटराव म्हणाले. "दोघं एका सायकलवर बसायचं का? या वयात?"

"बसायचं नाही. वाटून घ्यायची. माझे वडील आन चुलते वाघोलीहून खडकीला कारखान्यात जायचे. दोघांत एक सायकल. डबलसीट घेतलं तर पोलीस धरायचा. मग वडील सायकलवर पुढं जायचे, मैलभर गेलं की सायकल झाडाला टेकवायची आन चालू लागायचं. मागून चुलते चालत आले की सायकल उचलायची, वडलांच्या पुढं जायचं, पुन्हा टेकवायची. दोघंही वेळेवर पोचायचे आन दोघंही निम्मंच चालायचे."

"आणि सायकल चोरीला गेली तर?"

"तेव्हा जात नव्हती. आता बघू."

नागोरावांनी सीट थोडी खाली केली आणि सायकल पोपटरावांच्या हातात दिली. पोपटराव एका वळणापर्यंत गेले. वरून आवाज आला, "आलं!" म्हणजे सायकल कठड्याला टेकवली. नागोराव सावकाश चालत तिथे पोचले, सायकलवर बसले, पुढे चालणाऱ्या पोपटरावांच्या शेजारून गेले, पुढच्या वळणावर उतरले आणि ओरडले, "आलं!" असं चाललं. मधे माकडांनी सायकलीची पिशवी उघडून केळी नेली. एका मोटारीतल्या कुटुंबानं थांबून विचारलं, काका काही मदत हवी का. पोपटराव म्हणाले, "नको, आम्ही मुद्दाम असंच जातो." दोघं घामानं भिजले होते, आणि इतके खूश होते की त्यांना एकमेकांकडे बघायची चोरी झाली.

खाली वाई, नदीचं पाणी, धोमच्या बाजूचं ऊन. नागोराव आपल्या पाळीला चालत असताना मधेच थांबून बघत. छाती शांत होती, घाई कसलीच नव्हती.

शेवटचं वळण नागोरावांच्या पाळीला आलं. ते सायकलवर बसले, पोपटरावांना गाठलं. "पुढं ठेवतो," म्हणाले आणि गेले. वळण घेतलं तर समोर मंडळ! घाट संपला होता. टपरीपुढे वीस सायकली ओळीनं, वीस माणसं उपाशी तोंडानं उभी, आणि टेबलावर झाकलेलं पातेलं.

"दीड तास," दिवेकर सर म्हणाले. "चहा चार वेळा उकळलाय. बोला, नागोराव."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तीन शब्द, की कप भरणार. नागोराव सायकलवरून उतरले. चौदा वर्षं हा क्षण त्यांचा होता, आणि त्यांना तो प्रिय होता, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी श्वास घेतला.

"मागं एक माणूस आहे," ते म्हणाले.

दिवेकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कसा?"

"चालत."

"म्हणजे चढावर पायवाल्याला मागे टाकलंत. बॅटरीवर. सहावा नियम मोडलात."

"होय सर."

टपरीवाल्यानं उचललेलं झाकण सरांनी स्वतः पुन्हा पातेल्यावर ठेवलं. "थांबू," ते म्हणाले.

नागोरावांनी पिवळं जाकीट काढलं आणि सायकलीच्या मुठीला अडकवलं. मंडळी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग वळणावर आधी तो मफलर दिसला, मग पोपटराव, कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रज्ञेश पुढे धावणार होता, सरांनी त्याचा दंड धरला.

पोपटराव टपरीपुढे येऊन थांबले. मुठीवरचं जाकीट त्यांनी बघितलं, नागोरावांकडे बघितलं. नागोरावांनी जाकीट उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घातलं. पोटावर जरा घट्ट झालं.

"बोला," दिवेकर सर म्हणाले.

पोपटराव मागे वळले. आले होते तो सगळा रस्ता त्यांनी नीट बघून घेतला, वळणापर्यंत, कुणी राहिलं तर नाही ना म्हणून. मग सरांकडे तोंड केलं.

"मागे कोणी नाही."

पातेल्याचं झाकण निघालं. चहा उकळून उकळून काळा आणि कडू झाला होता. मंडळींनी तोंडं वाकडी केली. नागोरावांनी मात्र आपला कप संपवला आणि आणखी अर्धा मागून घेतला.